दाराच्या आतल्या बाजूला

बारा ते तीन उन्हात काम बंद, असा उन्हाळ्यातला नियम.
वेल्डर पत्र्याच्या सावलीत आडवे होतात,
तोंडावर ओला गमछा, पायांत बूट तसेच.
मशीनं गप्प होतात
आणि शेडमध्ये माझी पाळी सुरू होते.

जुबैलच्या या यार्डात डिझेलवरची अकरा वेल्डिंग मशीनं.
दहा कंपनीची. सात नंबर हुसैन दळवीचं.
म्हणजे तेही कंपनीचंच,
पण हुसैन त्याच्यापुढे बारा वर्षं वाकला
आणि मग पाठ धरून हर्णैला निघून गेला, कायमचा,
मला एक पान्हा, अर्धा डबा ग्रीस
आणि चार वाक्यं देऊन.

तेल कोमट असतानाच काढ, थंड झालं की गाळ तळ सोडत नाही.
रेडिएटरचं झाकण मात्र निवल्यावरच उघड, तोंड एकच असतं माणसाला.
फिल्टर झटकून परत लावू नको, नवा माग.
चौथं वाक्य 'खल्ली वल्ली',
ते कशालाही चालतं.

तीन दिवस शमाल वाहत होता.
फिल्टरच्या कागदी घड्यांत माती,
चाळलेल्या तांदळाच्या पिठाइतकी बारीक.
स्टोअरवाला म्हणाला, मागच्याच महिन्यात नेलास ना?
म्हटलं, वाऱ्याला तुमची वही वाचता येत नाही.

डिझेलची टाकी रात्री अर्धी रिकामी राहिली
की समुद्राची दमट हवा आत घाम धरते.
खालचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला:
आधी पाणी, मग पाणी आणि डिझेल,
मग नुसतं डिझेल. घट्ट.
बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढलेली.
मेसच्या कुंजुमोनकडून चमचाभर खायचा सोडा आणला,
तो विचारत होता, भजी करतोस काय?
गरम पाण्यात टाकला, फेस आला,
तांबं पुन्हा तांब्यासारखं दिसलं.

अडीचशे तासांनी तेल बदला, असं पुस्तक सांगतं.
कुठले अडीचशे?
सात नंबरचा मीटर ९४१८ वर कधीचा मेलाय.
म्हणून बाजूचं दार उघडलं, वायर कुठे तुटली ते बघायला,
आणि आतल्या बाजूला
पांढऱ्या मार्करच्या रेघा,
चार उभ्या एक आडवी, चार उभ्या एक आडवी,
एका पाळीला एक रेघ.
पंचवीस रेघांनंतर गोल. गोल म्हणजे तेल.

रेघांच्या मध्ये बारीक अक्षर, आपलंच:
'ब्रश बदलले.'
'पट्टा कुरकुरतो.'
'नवा पट्टा. मुलगी झाली, फोन आला.'
'पट्टा परत गेला. मुलगी चालते म्हणे.'
'नोझल साफ. पगार दोन महिने नाही.'
'पट्टा. शाळेत घातली.'
मी बोटाने पट्टे मोजले,
पाचव्यापाशी मुलगी सायकलवरून पडली होती.
त्यापुढे एक पट्टा आहे,
मुलीचं काही नाही,
नुसतं 'पट्टा.'

किती वेळ उकिडवा होतो कोण जाणे.
तेल पार निथळून गेलं होतं.

तीनचा भोंगा झाला.
रोडेल हेल्मेट काखेत घेऊन आला,
सेल्फ मारला; एक खोकला, काळा धूर, मग सुरू.
जोवर आर्क नाही तोवर हे इंजिन मंद चालतं,
जेवण झालेल्या म्हाताऱ्यासारखं.
रोडेलने रॉड पाइपाला टेकवला
आणि ते खडबडून उठलं,
आवाज एकदम वर, ज्योत निळी,
दाराचा पत्राही थरथरला, रेघांसकट.

दार लावण्याआधी मार्कर हलवून पाहिला, अजून ओला होता.
शेवटच्या रेघेनंतर गोल काढला.
खाली काय लिहावं सुचेना,
माझ्या घरचं सांगण्यासारखं आज काही नव्हतं.
लिहिलं:
'तेल. फिल्टर नवा. पट्टा ठीक.
कुंजुमोनचा चमचाभर सोडा देणे.'