हस्तिदंती मूठ

मेव्हिस स्टॅनिफोर्थ, वय एक्क्याऐंशी,
शेफील्डच्या कारखान्यात चौतीस वर्षं
सुऱ्यांना मुठी बसवल्या तिनं.
हाडाची कारागीर.
आता दुधाच्या बाटलीचं झाकण फिरत नाही.

मंगळवारी रक्त दिलं, आणि जाता जाता
पर्समधून काढून टेबलावर ठेवली
एक पात्याविना मूठ, हस्तिदंती,
जुन्या दातासारखी पिवळी.
"तुम्हाला लागतो म्हणे. कापून टाक, हिबो.
कायदा विकू देत नाही
आणि मला धरता येत नाही."

मी कापली.
शर्टाच्या बटणाहून लहान चकत्या,
इतक्या पातळ की खिडकी दिसावी.
हत्तीचा दात काय, माणसाचं हाड काय,
या पेशींना चवीत फरक कळत नाही.

निम्म्या चकत्यांवर तिच्याच रक्तातल्या पेशी
आणि पोटापुरता शिधा.
उरलेल्यांवर त्याच पेशी, तोच शिधा,
वर टीएनएफचा एक थेंब.
सुजेचा निरोप्या तो.
दिसायला पाणीच.

हाड खाणारी पेशी मुळात दुष्ट नाही,
हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.
जुनं झालेलं खरवडायचं, बाजूला व्हायचं,
मागून येणाऱ्यांनी लिंपून घ्यायचं;
आपण झोपेत असतो आणि आत
डागडुजी चालू असते.
पण निरोप येत राहतो, येतच राहतो:
या, जेवायला या.
एकेकट्या पेशी एकमेकींत विरघळतात,
दहा, वीस केंद्रकं एका कातडीत,
कडा चिकटवून बसतात हाडावर
आणि खाली आम्ल सोडतात.
लिंपणाऱ्यांनाही निरोप असतो, वेगळा:
तुम्ही राहू द्या.

अठराव्या दिवशी पेशी धुऊन टाकल्या,
चकत्या निळ्या रंगात बुडवल्या.
डावीकडच्या चकतीवर नऊ खड्डे.
उजवीकडची
तीनशेनंतर मी मोजायची थांबले;
खड्ड्यांत खड्डे मिसळले होते,
कुठला कुणाचा ते सांगता येईना.

मेव्हिसनं डोळा लावला. बराच वेळ.
मनगट टेबलावर टेकवून, बोटं एकीकडे कललेली.
"काम नेटकं आहे," म्हणाली. "कडा बघ.
पण यांना थांबा म्हणणारं कुणी नाही वाटतं.
आमच्याकडे साडेपाचला भोंगा व्हायचा."

गुरुवारी तिचं पहिलं इंजेक्शन.
ते निरोप्याला वाटेतच धरतं.
गेलेलं हाड फारसं परत येत नाही
हे सांगायला मी तोंड उघडलं,
पण तिनं आयुष्यभर सहाणेवर
पोलाद झिजताना पाहिलंय.

मुठीचा उरलेला तुकडा तिनं मागून घेतला,
कोटाच्या खिशात टाकला.
मग बटणं लावायला बसली. पाच बटणं.
मी नोंदवहीत डोकं घातलं.
मदत केलेली तिला चालत नाही.