मेल्या, खंय होतंस

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं:
वेंगुर्ला बंदर, पहाटे साडेतीन,
बर्फाच्या कारखान्याचं दार आतून उघडतं.

दार खरं होतं. बाकीचं बाजारातून आणलं.
रक्त म्हणून कोकमाचं आगळ,
त्याला मुंग्या लागायच्या,
दर शॉटआधी प्रेतं झटकावी लागत.
मांस म्हणून बरक्या फणसाचे गरे,
दुसऱ्या टेकला शिल्लक राहत नसत.
आणि काजूच्या कारखान्यातल्या सतरा बायका,
ज्यांची बोटं चिकानं आधीच करपलेली.
मेकअपवाला त्यांचे हात बघून गप्प झाला,
नुसते चेहरे रंगवले त्यानं.

गोष्ट दोन पोलिसांची: एक भित्रा, एक बडबड्या,
मधे एक जीप, मागे अख्खा मेलेला गाव.
दिग्दर्शकाला भीती आणि हसू एकाच चौकटीत हवं होतं,
कुणी कुणाला धक्का न देता.
तिसऱ्या रात्री चढावर जीप खरोखर बंद पडली
तर सगळे मेलेले सवयीनं धावले
आणि ढकलू लागले.
"कट! प्रेतं मदत करत नाहीत!"
"मगे चढार सोडूची काय गाडी?" एक प्रेत म्हणालं.

सल्लागार म्हणून निवृत्त हवालदार भगवान कुबल.
काठी कशी धरायची, शिट्टी कधी फुंकायची नाही,
चहा कुणाच्या खात्यावर लिहायचा.
दिग्दर्शकानं विचारलं, झॉम्बीला मराठीत काय म्हणाल?
"मेलो."
"ही शिवी ना?"
"शिवी नाय. हाक."
आणि धक्क्यावरच्या कुणाला तरी ओरडून दाखवली,
"मेल्या, खंय होतंस रे?"
तिकडून तो हात हलवत आला, जिवंत, हसत.

शेवट मला पाठ होता.
बडबड्याला चावा बसतो,
भित्रा रडत रडत पिस्तूल काढतो,
समुद्र, काळोख, आवाज.
वाचून दाखवला. कुबल बिडी विझवून म्हणाला,
"गोळी कशाक घालतलो?"
"तो आता त्याचा मित्र राहिलेला नाही ना."
"कोणी सांगल्यान?"

मग बराच वेळ काही नाही. लाटासुद्धा ओहोटीच्या.
पास्कू फर्नांडिस, बक्कल नंबर विसरला नव्हता तो.
नाताळात पास्कूची रात्रपाळी कुबलनं करायची,
चतुर्थीला कुबलची पास्कूनं.
अठ्ठावीस वर्षं हिशोब चोख.
मग एका चतुर्थीला कुबल मोदक घेऊन ठाण्यात आला
तर टेबलावर टोपी होती, नुसती.

"तीस वर्सां टकला खाल्ल्यान माजा," कुबल म्हणाला,
"आता खराखुरा खाऊक इलो, तर नवा काय?
मागच्या सीटार बसवतलंय. गस्त रवली हा अजून."

रात्रभर लॉजवर बसून शेवट फाडला.
नव्या मसुद्यात बडबड्या मेल्यावरही बडबडतो,
फक्त शब्द नाहीत, घुरघुर;
भित्रा तिला उत्तरं देतो, वाद घालतो,
त्याच्या वाटचा चहा पितो,
आणि ठाण्याच्या डायरीत लिहितो: दोघे हजर.

शूटिंगला मेलेल्याला जाळ्याच्या दोरीनं बांधायचं होतं.
कुबल उठला, गाठ त्यानंच मारली.
दिग्दर्शक म्हणाला, ढिली आहे, सुटेल तो.
"घट्ट केलंय तर दुखतला तेका."

जीप शिरोड्याच्या रस्त्याला लागली.
या वेळी कुणी ढकललं नाही, चालू झाली.
सतरा बायका आगळानं माखलेल्या, बाजूला उभ्या,
त्यातली एक हळूच म्हणाली, सांभाळून जावा रे.
ते माझ्या संवादांत नव्हतं.
ठेवलं.