थांबलेलं काम

क्लाक्सविकच्या बंदरात, मासे गोठवायच्या कारखान्याच्या वर
आमची खोली. खिडकीवर मिठाचा थर,
दोन खुर्च्या, एक हीटर, आणि ओडवर,
जी शुक्रवारी निवृत्त होणार
आणि त्याआधी मला सगळं शिकवणार असं ठरलंय.
सगळं म्हणजे: सॅमनच्या पिंजऱ्यांभोवती समुद्र कसा वळेल
याचं गणित रात्रंदिवस चालवायचं,
आणि ते चालत असताना टर्मिनल अडवून ठेवायचं नाही.

"समोर एकालाच बसता येतं," ती म्हणाली,
"बाकीच्यांना मागे धाड."
कंट्रोल दाबून झेड.
गणित थांबलं. मेलं नाही;
एक पाय उचललेला, तस्संच,
सगळे आकडे मुठीत धरून.
मग दोन अक्षरं, बीजी,
आणि उचललेला पाय टेकवून
ते चालायला लागलं माझ्या पाठीमागे.
मी वळून पाहिलं, खुळ्यासारखं.
मागे हीटर होता.

"आणि घरी जायच्या आधी नोहप.
नाहीतर तू दार लावलंस की तेही गेलं."
हे ती अशा आवाजात सांगते
जसं इथल्या बायका सांगतात,
मटण वाऱ्याच्या खोपटात किती महिने टांगायचं.

मागची कामं गप्प असतात असं नाही.
मी काही लिहीत असतो, आणि शब्दाच्या मधोमध
येऊन सांडतं:
प्रवाह ईशान्य, चौदा.
जेवताना पलीकडच्या खोलीतून खोकला यावा तसं.
आपण पुसत नाही. पुढे लिहितो.

बुधवारी वादळ यायचं होतं.
पिंजरे हलवायचे का, विचारायला
हायनीचा बोटीवरून दोनदा फोन.
"होतंय," ओडवर म्हणाली. "मागे चालूय. रविवारपासून."
मग कशी कोण जाणे शंका आली, तिने जॉब्स लिहिलं.

एक. थांबलेलं.

आम्ही पडदा वर सरकवत गेलो, वर, वर,
मंगळवार, सोमवार,
आणि रविवारच्या ओळींच्या गर्दीत सापडला
कुणीच न वाचलेला प्रश्न:
जुनी फाइल आहे. तिच्यावर लिहू? हो की नाही?

मागे असलेलं काम चालतं, तापतं, आकडे ओकतं,
पण त्याला तुमच्याकडून एक अक्षर हवं असलं
की तिथेच उभं राहतं.
मागून मागता येत नाही.
तिने त्याला समोर आणलं. हो म्हणाली.
तीन दिवस ताटकळलेलं ते
एकाही शब्दाने रुसलं नाही.

दोन पिंजरे वेळेत हलले. तिसरा नाही.

रात्री कॉफी ओतताना ती म्हणाली, मी काही विचारलं नसताना,
"सांडॉयला माझा भाऊ असतो, ट्रोंडूर.
वडिलांची होडी विकू का, म्हणून त्याने विचारलं होतं.
अकरा वर्षं झाली. मी कामात होते."
होडी अजून पालथी आहे म्हणे, किनाऱ्यावर,
तो दर वसंतात तिला डांबर लावतो.
"तेव्हा बोट धरून जावं लागायचं.
आता समुद्राखालून रस्ता झालाय," ती म्हणाली,
आणि साखर नसलेली कॉफी बराच वेळ ढवळत राहिली.

शुक्रवारी केक झाला. हायनी ओल्या बुटांनी आला,
तिसऱ्या पिंजऱ्याबद्दल कुणी बोललं नाही.
सगळे गेल्यावर तिने शेवटचं एक्झिट लिहिलं.
पडदा म्हणाला: थांबलेली कामं आहेत.

इथे पुन्हा एकदा एक्झिट लिहिलं
की तो दुसऱ्यांदा विचारत नाही,
सगळं संपवून दार लावतो.
हे तिनेच मला शिकवलं होतं.
तिचं बोट कळीवर होतं. मग नव्हतं.
कुठलं काम, ते तिने पाहिलं नाही.
कोट घेतला, खुर्ची आत सारली, गेली.
गाडी घराकडे वळली की बोगद्याकडे,
मिठामुळे दिसलं नाही.

सोमवारी आलो तर ओळ तशीच, खाली कर्सर लुकलुकतोय.
मी ती खिडकी बंद केली नाही.
शेजारी दुसरी उघडली.