आटे

चावी माझ्या खांद्याइतकी उंच, लोखंडी,
आडव्या मुठीची. दाराआड उभी असते
छत्रीशेजारी.
नवऱ्यामागे पेन्शन अर्धी आली
आणि ही अख्खी.
अनुकंपा हा शब्द तोवर मी
कीर्तनातच ऐकला होता.

पहाटे चारला टाकीपासून निघते.
कुत्री ओळखतात, भुंकत नाहीत.
गोमतीबागेचा वॉल्व रस्त्याच्या मधोमध,
झाकण उचललं की झुरळं आधी बाहेर,
मग अंधार, मग चौकोनी डोकं पितळेचं.
साडेअकरा आटे.
ह्यांच्या वहीत लिहिलंय:
घरं चाळीस, आटे पाच, वेळ पाऊण तास.
अक्षर वळणदार. पेन्सिल वहीलाच बांधलेली.
आता घरं मी मोजत नाही,
तोट्या मोजते, त्याही चुकतात.
नळ एक दिवसाआड.
पाइप मात्र तोच, ह्यांच्या वेळचा.

पाणी उताराला धावतं, असं शाळेत शिकलो.
इंदूरचं पाणी चढाला लागतं.
जलूदहून निघून घाट चढतं,
पंपामागून पंप, दम खात,
सत्तर किलोमीटर.
मीही त्याच वाटेने आले, मंडलेश्वरची.
लग्नानंतर गाडी घाटात तीनदा तापली,
तेव्हा आईने देव्हाऱ्यासाठी दिलेला
नर्मदेचा गडू
ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये ओतला.
सासूबाईंना मी सांगितलं, सांडला.

गल्लीत कुणाला दिवस गेले की मला कळतं.
पाचवीच्या आत कुणीतरी पेढा घेऊन
वॉल्वपाशी उभं. बाई, एक आटा ज़्यादा.
पेढा खाते. आटा देत नाही.
एकदाच दिला, भागवंती मिस्तरीणीला,
जुळी होती, आणि मे महिना.
त्या दिवशी मागच्या गल्लीत
हंड्यांचा आवाज आला,
रिकाम्याचा वेगळाच येतो.

सगळे कुठून कुठून आलेत.
झाबुआहून गवंडी, रीव्याहून कोचिंगची पोरं,
एका खोलीत सहा, सहांची एक बादली,
तीत डोकं बुडवून पाठांतर.
परत जा म्हणणार कुणाला?
मला कुणी म्हणालं नव्हतं.

पारोळेकर वकील म्हणतात,
माणसं फार झाली हो, सरकारने काहीतरी करायला हवं.
म्हणतात गाडी धुता धुता.
गच्चीवर दोन हजार लिटरच्या दोन टाक्या,
टुल्लू पंप थेट मुख्य लायनीला,
घरात नवरा, बायको आणि एक केसाळ कुत्रा,
ज्याची आंघोळ शनिवारी.
समोर चाळीत बेचाळीस माणसं, तोटी एक.
ह्यांच्या वहीत ह्यासाठी रकाना नाही.
मी पेन्सिल उघडून पाहिली,
टोक आहे अजून.

वैशाखात भाचीच्या लग्नाला गेले.
सगळ्या जणी मेंदीत गुंतल्या, मी घाटावर.
लहानपणी चौदावी पायरी कायम ओली असायची,
तिच्यावर आम्ही सागरगोटे खेळायचो,
पाय पाण्यात.
उतरत गेले. चौदा. अठरा. बावीस.
बावीसवर शेवाळ वाळून
कागदासारखं सुटत होतं.
भाऊ वरून ओरडला, आटलीय गं!
आणि माझ्या मुठी आपोआप
आडव्या लोखंडावर वळल्या,
हवेतच.

वरून सोडलं की चढेल, तो म्हणाला,
धरणावरून. वेळ ठरलेली असते.

म्हणजे नदीलाही वॉल्व आहे.
रात्री मांडवाची गाणी चालू असताना
मी त्याचाच विचार करत होते,
की तिकडे कोण उठतं चारला,
किती आटे, कुणाची वही,
आणि त्याच्यापाशी येऊन
उभं राहणाऱ्यांच्या हातात
पेढा असतो की आणखी काही.

परवा परत. गोमतीबागेचा दिवस.