पाच रुपयांचं बी

वजनकाट्याच्या झोळीत बसला की भरमू पाय आखडून घेतो,
जणू पाय आत घेतले की काटा विसरेल त्याला.
बाराला दोनशे ग्रॅम कमी. चार वर्षं पुरी.
टीचर पिवळ्या पट्ट्यात ठिपका देतात,
खाली कन्नडात काहीतरी लिहितात,
आणि म्हणतात, आक्का, याच्याकडं बघ जरा.

मी बघतो.
(आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी येतो, मी जातो.
बाहेरची हसतात. हसूद्यात.)

बघतो तर चड्डीच्या खिशात लाल पाकीट,
पाच रुपयांचं कुडकुडं,
बोटं तिखटानं रंगलेली.
समोर आमटीभात, पेल्यात नाचण्याची अंबील साय धरून बसलेली,
मंगळवारचं अंडं मी सोलून ठेवलेलं.
गिरिजेला केळं, तिच्या घरात अंडं चालत नाही;
ती साल काढता काढता अंड्याकडं बघते,
अंडेवाला तौफिक केळ्याकडं.
भरमू कुणाकडंच बघत नाही. साकु, म्हणतो.
एक घास न खाता साकु.
घरात सगळी मराठी, तरी पुरेचा शब्द
यानं कन्नडातला उचललाय.

भिंतीवर खात्याचा नवा तक्ता आलाय.
सफरचंद, द्राक्षं, आणि एक हिरवं झाडागत काहीतरी,
त्याचं नाव टीचरनाही ठाऊक नाही.
पोरं एका सुरात, सेबु, द्राक्षी,
आणि त्या हिरव्याला, गिडा.

बेळगुंदीत रताळी पोत्यांनी निघतात.
तांबड्या मातीतनं निघतात, धुतली जातात, ट्रकात चढतात.
तक्त्यावर नाहीत.

मग मी पाण्याच्या टाकीमागं दोन वेल खोचलो.
भरमूला म्हणालो, हे तुझं, पाणी तू घालायचं.
काय येणार?
बघू, म्हणालो.
तो जरा थांबला.
खिशातनं एक कुडकुडं काढलं,
वेलाशेजारी बोटानं खळी केली, पुरलं,
आणि दोघांना एकाच तांब्यातनं पाणी.

मी काही बोललो नाही.
हसू आवरेना, म्हणून भांडी घासायला गेलो.

दुसऱ्या दिवशी उकरलं. मुंग्या.
तिसऱ्या दिवशी दुसरं पुरलं.
असं कितीतरी दिवस, अर्धं पाकीट मातीला, अर्धं पोटाला.
हे मी टीचरना सांगितलो नाही.
वेलही तो रोज उकरायचा, आलं काय बघायला,
म्हणून दसरा गेला, दिवाळी गेली,
हाती लागली ती करंगळीएवढी चार रताळी.

चार रताळी, एकोणीस पोरं.
राखेत भाजायला चूल कुठली, गॅसवर उकडलो,
पातळ चकत्या केलो.
गिरिजेला चाललं, तौफिकला चाललं.
टीचर म्हणाल्या, गेणसु म्हणा.
नाव घेईपर्यंत चकत्या संपल्या होत्या.

भरमूनं तोंडात धरली, काढली, बघितली, परत धरली.
मग माझा पदर ओढून म्हणाला, बेकु.
उरलं नव्हतं.

या महिन्यात ठिपका पिवळ्यातच, जरासा वर.
खिशात पाकीट आहे अजून.
आज सकाळी टाकीमागं गेलो
तर नवी खळी, ओली.
उकरून बघितलो:
कालचं अर्धं अंडं,
बलक खाली, पांढरं वर,
नीट लावलेलं.

मी परत माती ओढलो.