दीड टन

दुकानदाराचं आडनाव झोपे.
आमच्याकडे हे आडनाव घरोघर, कुणी हसत नाही,
पण तीन आठवडे डोळ्याला डोळा न लागलेल्या बाईला
पाटीवर वाचूनच बरं वाटलं.

भुसावळ, एप्रिलचा दुसरा रविवार, सकाळचे अकरा,
आणि जामनेर रोडवर विजेच्या खांबाच्या सावलीत
खांबाएवढंच बारीक होऊन उभं एक कुत्रं.

झोपेंनी विचारलं, खोली केवढी?
दहा बाय बारा. कपाट धरून.
मजला? वरचा.
पश्चिमेची भिंत? आहे ना,
रात्री दहालाही तिला पाठ टेकवत नाही.
माणसं किती झोपतात?
इथे मी अडले.
हे गार्ड. मालगाडीबरोबर कधी मनमाड, कधी खंडवा,
आले की दिवसा झोपतात. मी रात्री.
पलंग एकच, माणसं दोन,
पण एका वेळी एक.
झोपेंनी कागदावर दीड लिहिलं.
माणसं दीड की टन दीड, मी विचारलं नाही.

खरी अडचण त्यांच्या तक्त्यात नव्हतीच.
रात्री तीनच्या सुमाराला
छातीतून मानेवर, मानेवरून कानात चढणारा जाळ.
उन्हाळ्याचा नाही तो, डिसेंबरातही चढतो.
बावन्नाव्या वर्षाचा.
डॉक्टरीणबाई म्हणतात, जाईल.
कूलरनं आपल्या परीनं केलं,
वाळ्याचा ओला वास दिला, डास दिले.
हे काउंटरवर कसं सांगणार?
म्हटलं, जरा जास्तीचाच द्या.

मग मनातलं विचारून टाकलं:
दीड टन वजन भिंत पेलेल का हो?
झोपे हसले नाहीत, त्यांचं भलं होवो.
म्हणाले, वजन नाही ताई, हा बर्फाचा हिशेब.
दिवसभरात टनभर बर्फ वितळताना
जेवढी गरमी ओढून घेतो, तो एक टन.

मला मालधक्क्याजवळच्या लाद्या आठवल्या,
भुसा, गोणपाट,
सायकलच्या मागून ठिबकत गेलेली रेघ,
जी आम्ही पोरी पायाच्या अंगठ्यानं पुसत जायचो.
दीड टन म्हणजे किती लाद्या, बोटांवर मोजू लागले
आणि मोजता मोजता तोंडातून गेलं,
ओढलेली गरमी ठेवतो कुठे?

बाहेर, म्हणाले. बाहेर टाकतो.

बाहेर म्हणजे आमच्याकडे तीन फुटांचा बोळ
आणि बोळापलीकडे सिंधू वारकेची खिडकी.
खिडकीशी तिची उशी.
मांजर नेहमी तिथूनच इकडे उडी मारतं.

दुसरीकडे नाही का टाकता येत?
येतं. गच्चीवर. तांब्याचा पाइप लागेल,
फुटावर पैसे.
पाच तारे घेणार होते. तीनवर आले.
दोन तारे पाइपात गेले.

ह्यांना फोनवर सांगितलं.
तीन का? पाच ठरले होते ना?
बोळात सिंधूची खिडकी आहे.
थोडा वेळ नुसता डब्यांचा खडखडाट,
मग, बरं.

चार दिवसांनी सिंधूच गच्चीवर चढली.
का वं, हे रात्री बी वारा फेकतं?
फेकतं.
तिनं जुनं लुगडं पसरलं, चार विटा ठेवल्या,
ज्वारीचे बिबडे थापले, बरोब्बर त्या पंख्यासमोर.
धूळ बसेल गं, मी म्हटलं.
बसू दे. सकाळपर्यंत वाळले म्हणजे झालं.

काल तीनला जाग आली. चढलाच.
खोलीत चोवीस, माझ्यात नेहमीचा वैशाख.
चादर लाथेनं खाली, मान भिंतीकडे,
वर गच्चीत ते घरघरत होतं.
घे म्हटलं, हीपण घे,
वाहून ने वर,
सिंधूचे बिबडे अजून ओलेच असतील.