बोंबलात पाणीच फार

डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा,
पण अंगात मांस भरू दे.
म्हणजे माल वाढवा आणि गोदाम लहान करा.
एकतीस वर्षं बस आगारात स्टोअरकीपर होतो मी,
असले हुकूम मला नवे नाहीत.

रिपोर्ट शालनचा होता.
ती म्हणाली, "रिपोर्टाला काय कळतंय,"
आणि कणीक तिंबायला बसली.

मी वही काढली.
डावीकडे प्रथिनं, उजवीकडे कॅलरी,
मध्ये लाल रेघ.
कन्नमवार नगरात गालाशेठच्या दुकानात
चष्मा कपाळावर चढवून
पाकिटांच्या पाठी वाचत उभा राहिलो पाऊण तास.
"काका, घ्यायचंय की परीक्षा आहे?"

शेंगदाणे पहिल्याच फेरीत बाद.
प्रथिनं आणतात, पण सोबत तेलाचं अख्खं वऱ्हाड.
पनीर परवडेना, ना वहीला ना खिशाला.
सोयाच्या वड्या आकड्यांत पहिल्या नंबरच्या.
शालनने एक चावून पाहिली,
"तिसरीत असताना खोडरबर खायचे, तेच हे."
मोड आलेली मटकी, बरी.
साय काढलेलं दही, बरं, पण रोज किती?
तळमजल्यावरचा क्षितिज जिमला जातो,
त्याने पावडरचा डबा दाखवला, बादलीएवढा.
किंमत वाचली आणि दोन्ही हातांनी
तान्ह्या मुलासारखा अलगद खाली ठेवला.

मग अंडी. तिला पांढरं.
पिवळं टाकवेना, म्हणून ते मी.
सहा दिवस.
सातव्या दिवशी ढेकर आला
आणि थोडी अक्कलही:
इथेही रंगीत भाग माझ्याच ताटात.

बुधवारी बाजारात वैतीणबाईंना विचारलं,
कमी चरबीचं काय आहे?
"बोंबील ने. पन बोंबलान पानीच फार,
पानी जोखून पैसं देशील काय?
त्यापरीस सुका जवला ने.
मूठभर हाय, पन सगला जीवच हाय त्यान."

जवळा भाजला तेव्हा समोरच्या दोन खिडक्या लागल्या.
वहीत मात्र त्याच्यासारखा कोणी नव्हता,
डावीकडे भरगच्च, उजवीकडे जवळपास काही नाही.
मी दोनदा अधोरेखित केलं.
शालन म्हणाली, "हा तर मी खातेच की.
महिनाअखेरीला तुम्ही कामावर गेलात की,
तव्यावर कांदा टाकून, उभ्याउभ्या."
किती? "आता मोजलाय होय कोणी?"

त्या रात्री झोप नाही.
डोक्यात जुनी खाती उघडत गेलो.
सत्त्याण्णव साल, पापलेट एक, तुकड्या तीन.
मधली मला.
बाकीच्या दोन मुलांना.
शालन: नोंद नाही.
नोंद नाही.
नोंद नाही.
भाकरीबरोबर माशाचं डोकं चोखत बसायची,
"मला डोकंच आवडतं" म्हणायची,
आणि मी लिहून घेतलं होतं, आवडतं.
माल न तपासता पावतीवर सही.
आगारात असं कोणी केलं असतं
तर मीच त्याला मेमो दिला असता.

काल हलवा आणला.
मधली तुकडी तिच्या ताटात वाढली,
नव्वद ग्रॅम, काटा धरून.
ती तिच्याकडे बघत राहिली,
पाहुणी आल्यासारखी.
अर्धी खाल्ली.
मग माझ्या ताटातलं डोकं ओढून घेतलं,
गालाजवळचं मांस बोटाने सोडवत म्हणाली,
"अहो, मला खरंच आवडतं हे."

वही उघडी आहे.
पेन हातात आहे.
हे कुठल्या रकान्यात लिहू,
कोणी सांगेल का?